परवर्दा

"मोठं कर. अजून. बस, आता बोट उचल."

शिवकन्येनं बोट उचललं. मोबाईलच्या पडद्यावर एका पिवळट कागदाचा कोपरा तेवढा राहिला. संतरामनं चष्मा कपाळावर चढवला आणि नाक जवळजवळ काचेला टेकवलं. नात वैतागली.

"आबा, इतकं जवळच जायचं असंल तर मोठं कशाला करायला लावता?"

"तुला न्हाई समजायचं. उर्दू उजवीकडून येती. तिला सामोरं जावं लागतं."

संतराम कावरखे चौतीस वर्षं तहसील कचेरीत दफ्तरी होता. दफ्तरी म्हणजे कारकून नव्हे आणि धड शिपाईही नव्हे. जुने कागद लाल कापडात बांधून ठेवायचे, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणायचं, आणि साहेब म्हणतील त्या सालचा रुमाल शिडीवर चढून काढून द्यायचा, एवढंच काम. साहेब आले आणि गेले, एकालाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं. "ए दफ्तरी" एवढ्यावर भागायचं. कचेरीत खाजामियाँ नावाचे एक म्हातारे मुन्शी होते. निजामाच्या वेळची उर्दू वाचणारे ते शेवटचे. आपण काय उचलतो आणि काय ठेवतो हे माणसाला कळलं पाहिजे, असं म्हणून त्यांनी संतरामला रिकाम्या पाकिटांच्या पाठीवर अलिफ-बे शिकवलं. निवृत्तीनंतर सोळा वर्षं त्या उर्दूनं त्याला एक कप चहा मिळवून दिला नाही.

मग जुनी दफ्तरं स्कॅन होऊन इंटरनेटवर आली आणि दिवस पालटले. आज्याचं पूर्ण नाव विचारलं तर डोकं खाजवणारी माणसं पणज्याच्या बापाला शोधायला निघाली. जुन्या कागदात पूर्वजाच्या नावापुढं 'कुणबी' असं सापडलं की दाखला, दाखला मिळाला की पोरांना कॉलेजात जागा. पानं सगळ्यांच्या खिशात होती, वाचता मात्र एकालाही येत नव्हती. सेनगावापासून डोंगरकड्यापर्यंतचे लोक मोबाईल घेऊन संतरामच्या ओसरीवर येऊ लागले. 'संतराम वाचतो ते बराबर,' असं बोललं जाऊ लागलं. म्हातारपणी मान मिळाला की माणूस जरा जास्तच ताठ बसतो, तसा तोही बसायचा.

महिन्यापूर्वी धुरपताबाई आली होती. तिच्या नातवासाठी तिनं नोंद शोधून आणली होती. संतरामनं वाचून सांगितलं, नाव तेच आहे पण बापाचं नाव दुसरं आहे, ही तुमची नोंद नाही. बाई त्याच्या पाया पडायला वाकली.

"एक अक्षर इकडचं तिकडं वाचा की भाऊ. तुमच्याबिगर कुणाला कळतंय?"

"अक्षर मी लिव्हलेलं न्हाई, धुरपताबाई. मी निस्तं वाचतो."

ती गेल्यावर त्यानं हीच गोष्ट चार जणांना अभिमानानं ऐकवली. तिच्या नातवाचं पुढं काय झालं ते त्यानं विचारलं नाही.

आज मात्र काम घरचं होतं. त्यांच्या स्वतःच्या गावाची पानं कालच संकेतस्थळावर चढली होती. शिवकन्येला नर्सिंगला जायचं होतं. खुल्या यादीत तिचा नंबर थोडक्यात हुकला होता. अठ्ठावीस तारखेच्या आत दाखला मिळाला तर जागा नक्की होती, नाहीतर साल गेलं. बाप जीप चालवायचा, एका सालात मुलीचं लग्न उरकून टाकेल अशी तिला भीती होती आणि ती खोटी नव्हती. संतरामचा चुलत पुतण्या बालाजी, त्याची वैष्णवीही त्याच यादीत अडकली होती. दोन्ही घरांचा मूळ पुरुष एक, राघोजी. एका ओळीत दोन पोरींचं काम होणार होतं.

तेराशे चाळीस फसलीची खानेसुमारी, म्हणजे नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वीची घरोघरची मोजणी. घर नंबर एकतीस.

"राघोजी वल्द सटवाजी," संतराम सावकाश वाचू लागला. "वल्द म्हणजे मुलगा. सटवाजीचा मुलगा राघोजी. कौम, म्हणजे जात…" तो थांबला, मुद्दामच थांबला. "कौम कुणबी."

शिवकन्येनं त्याचा दंड घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तिनं ओढणी तोंडाला लावली.

"सखूबाई, राघोजीची बायको. किसन वल्द राघोजी, उम्र छे साल. हा बालाजीचा आजा." मग चौथी ओळ. मारोती. संतरामचा बाप. आणि त्यापुढं वल्द नव्हतं.

वल्द हा आखूड शब्द. हा लांब होता. पे, रे, वाव, रे, दाल, हे. संतरामनं तो पुटपुटत तीनदा लावून पाहिला. परवर्दा राघोजी. उम्र तखमीनन दो साल. वालिदैन नामालूम.

राघोजीनं पोसलेला. वय अंदाजे दोन वर्षं. आई-बाप माहीत नाहीत.

"आबा, पुढं काय हाय?"

"खालची पानं दाव."

"पर आपलं घर तर हेच हाय ना?"

"दाव म्हणलं ना."

तो आता एक दुसराच शब्द शोधत होता. मुतबन्ना, म्हणजे दत्तक. रीतसर दत्तक घेतलेला असेल तर तो मुलगाच धरतात, कचेरीत चालतं. कुठंतरी, पुढच्या एखाद्या पानावर, एखाद्या समासात कुणीतरी दुरुस्ती केली असेल. दुपारपर्यंत त्यांनी एकशे बारा पानं पाहिली. संकेतस्थळ दोनदा अडकलं, मोबाईल एकदा चार्जिंगला लावला. दुरुस्ती कुठंच नव्हती.

राघोजीच्या श्राद्धाला संतरामचा बाप नेहमी पंगतीच्या टोकाला बसायचा. पिंडाला हात लावायचा नाही. किसनआबा बोलवायचे, "मारोती, पुढं ये," तर तो हात जोडून तिथंच राहायचा. बाप गरीब स्वभावाचा आहे, असं संतरामला आजवर वाटत आलं होतं. बापाला माहीत होतं. सगळी हयात माहीत होतं आणि तो बोलला नाही. संतरामला त्याचा राग आला आणि लगेच त्याची इतकी कीव आली की तो उठून गोठ्याकडं गेला.

त्याची बायको शालूबाई त्याच्या मागं आली. शिवकन्येकडून अर्धं आणि नवऱ्याच्या तोंडावरून अर्धं तिनं ओळखलं होतं.

"ते काय परवर्दा का फिरवर्दा, ते तुमालाच वाचता येतंय ना?"

"व्हय."

"मंग वाचू नगा."

इतकं सोपं होतं ते. घाईघाईनं ओढलेल्या अक्षरात वल्द आणि परवर्दा यांची गल्लत झाली, तर म्हाताऱ्या डोळ्यांना कोण दोष देणार होतं?

तिसऱ्या प्रहरी बालाजी आला. चप्पल काढायच्या आतच त्यानं विचारलं, "काका, सापडलं काय?"

आणि संतरामनं त्याला चारही ओळी वाचून दाखवल्या. धुरपताबाईला आपण काय बोललो होतो ते त्याला आठवलं, हे एक कारण झालं. पण खरं कारण दुसरंच होतं. त्याला आपल्या खरेपणापेक्षा भावकीवर भरवसा जास्त होता. आपण सांगू, आणि बालाजी म्हणेल, काका, काहीतरीच काय. ते एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

बालाजी ते बोललाही. तो मोठ्यानं हसला. "काका, शंभर वर्षांमागची गोष्ट ती. माह्या बापानं अन् तुमी एका ताटात खाल्लंय. तुमी आमचेच हाव."

चहा झाला. जाताना त्यानं शिवकन्येच्या डोक्यावर हात ठेवला. संतरामची छाती हलकी झाली. पण शालूबाईनं कपबश्या उचलता उचलता सांगितलं, "हात दाखवून अवलक्षण केलं तुमी." तिच्या बोलण्याकडं त्यानं लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी बालाजी पुन्हा आला. या वेळी हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत वंशावळीचं शपथपत्र, सेनगावच्या सेतू केंद्रातून टाईप करून आणलेलं. संतरामला मराठी वाचायला चष्मा पुरेसा होता. राघोजी, त्याखाली किसन, त्याखाली बालाजीचा बाप, मग बालाजी, मग वैष्णवी. सरळ खाली उतरत गेलेली एकच रेघ होती.

"मारोती कुठं हाय?"

बालाजीनं मान खाली घातली, पण उत्तर तो पाठ करून आला होता. "काका, तपासणीला हेच पान निघतं म्हणतेत. तिथं सरकारी उर्दूवाला बसलेला. तुमचं नाव टाकलं अन् त्यानं ते वाचलं, तर आमचंबी रद्द करून टाकतेन. वैष्णवीचं नुस्कान काहून करायचं? तुमीच सांगा."

बालाजी खोटं बोलत नव्हता, तेच वाईट होतं.

"मला तरी काय ठावं होतं?" बालाजी हलक्या आवाजात म्हणाला. "तुमीच वाचलं."

"अन् शिवकन्या?"

"तिचं बघू की. म्होरच्या साली काहीतरी निघंल."

शिवकन्या दारातच उभी होती. तिनं बालाजीकडं पाहिलंच नाही. ती आज्याला म्हणाली, "आबा, तुमाला वल्द म्हणता आलं नसतं का? एक शब्द तर होता." तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त विचारत होती. मग ती आत गेली आणि आतून भांडी घासल्याचा आवाज येऊ लागला.

बालाजीनं पिशवीतून अजून एक कोरा कागद काढला. "काका, अजून एक तकलीफ. त्या पानाचं मराठी करून जोडावं लागतंय. वाचणाऱ्याच्या अक्षरात, सहीनिशी. गावात तुमच्याबिगर कोण हाय?"

शालूबाई आतून बाहेर आली, काही बोलणार होती. संतरामनं हातानंच तिला थांबवलं. त्यानं पाट ओढला, कागद त्यावर ठेवला आणि लिहायला बसला. खाजामियाँनी शिकवल्याप्रमाणे आधी गाव, मग फसली साल, मग घर नंबर.

"पहिल्या तीन ओळी बस हायेत काका," बालाजी म्हणाला. "चौथीची काय गरज न्हाई."

"वाचलं तर पान पुरं वाचायचं असतं."

आणि त्यानं चौथी ओळ लिहिली. मारोती, राघोजीने पोसलेला, वय अंदाजे दोन वर्षे, आई-वडील माहीत नाहीत. कुठं खाडाखोड नाही, एकही अक्षर पुसट नाही. बालाजी अस्वस्थ झाला. तो एकदा कागदाकडं आणि एकदा घड्याळाकडं पाहत होता, केंद्र पाचला बंद व्हायचं.

खाली लिहिलं, वाचून देणाऱ्याचे संपूर्ण नाव. संतराम मारोती. इथवर हात न थांबता आला. मग पेन कागदावरच टेकून राहिला आणि शाईचा एक ठिपका मोठा होऊ लागला.

बालाजीच्या ते लक्षात आलं. तो पोरगा वाईट नव्हता. संतरामच्या खांद्यावर हात ठेवून तो अगदी मनापासून म्हणाला, "आडनाव लिवा की काका. कावरखेच लिवा. आमची काय हरकत न्हाई."

संतरामनं मान वर केली. सत्तरीच्या पुढं गेलेल्या माणसाला त्याचं नाव लावायची परवानगी मिळाली होती, आणि ती देणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नव्हतं.

त्यानं पेन बालाजीपुढं धरला.

"तुमचं हाय, तू लिव्ह."

बालाजीनं पेन घेतला, गुडघे टेकून वाकला आणि आडनाव लिहिलं.