मास्तरांच्या नाकातली शीळ

उत्तर नॉर्वेतल्या कारास्योक गावच्या गोठलेल्या नदीपात्रावर जानेवारीतील त्या सायंकाळी चाळीसेक माणसे टोप्या कानांवर ओढून निश्चल उभी होती. मध्यभागी नीलास वैदू डफ वाजवीत होता. दोन घटका गेल्या आणि उत्तरेस ध्रुवीय प्रकाशाची हिरवी प्रभा उमलली, थरथरत माथ्यावर आली. साऱ्यांनी माना लववल्या.

"बोलावलं की येतात हे आकाशातले दिवे," नीलास म्हणाला. "माझ्या पणज्याचंही ऐकायचे."

सर्वांत भक्तिभावाने उभे होते माहत्ते मास्तर. सूर्याकडून येणारे कण, पृथ्वीचे चुंबकत्व, त्यामुळे उजळणारी विरळ हवा, हे त्यांनी तेहतीस वर्षे फळ्यावर शिकवले होते. परंतु पत्नी एल्लेला मोतीबिंदू झाला आणि शस्त्रक्रियेचे भय तिच्याऐवजी त्यांनाच वाटू लागले. सात सायंकाळी एल्लेने ह्या तेजाखाली येऊन डोळे उघडे ठेवावेत, असा उपाय नीलासने सांगितला. मास्तरांनी त्याला रेनडिअरची तंगडी अर्पण केली आणि रुग्णालयाची तारीख रद्द केली.

चौथ्या सायंकाळी आकाश कोरडेच राहिले.

"कुणीतरी शीळ घातली," नीलास गुरगुरला. त्या तेजासमोर शीळ घालू नये, हे तिथे पाळण्यातले पोरही जाणते.

मास्तर पुढे झाले. "माझं नाक... थंडीत वाजतं जरा."

"मास्तर, बोळा कोंबा," शेजारीण बिरेत म्हणाली.

पाचव्या सायंकाळी विज्ञानाचे ते निवृत्त शिक्षक नाकपुड्यांत लोकर कोंबून, तोंड वासून उभे राहिले. एल्लेने चाचपडत नीलासच्या हातून डफ घेतला, झग्याखाली सरकवला आणि ती घसरगाडीवर बसली.

"आजी, डफ द्या. येणार नाहीत ते."

"नाही आले तर देते. मास्तर, तुम्ही शीळ घाला."

"एल्ले, अगं, लोक बघतायत."

"काल नाकाचं सांगताना नव्हते का बघत? घाला."

मास्तरांनी लोकर उपसली आणि शीळ घातली. डफाविना दोन घटका गेल्या.

"मला हिरवट धूर दिसतोय," एल्ले म्हणाली. "डोळेवाल्यांनो, तुम्हाला?"

"आख्खं आभाळ भरलंय, आजी," बिरेत हळूच म्हणाली.

हिवाळ्यात त्या प्रदेशी निरभ्र आकाश असले की हे तेज बहुधा येतेच. नीलास निरभ्र सायंकाळ निवडी, तेज येईपर्यंत डफ थांबवीत नसे आणि न आल्यास दोष कुणाच्या तरी ओठांवर ठेवी.

सकाळी मास्तरांनी रुग्णालयाला दूरध्वनी केला. एप्रिलची तारीख मिळाली. एल्लेचा तीन महिन्यांचा तो अंधार त्यांच्या विद्वत्तेचे फळ होता.

आकाशीच्या तेजाला अवश्य वंदन करावे. मात्र ते आपल्यामुळे येते असे जो म्हणेल, त्याला एकदा स्वस्थ बसवून पाहावे. आणि मोतीबिंदू डॉक्टरला दाखवावा.