फोरमनच्या फ्रीजरमधली लस

उल्हासनगरच्या एका बर्फ कारखान्यात मी तीस वर्षं फोरमन होतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी लग्नात कोल्ड्रिंक कोमट लागलं की मी आचाऱ्याला बोलावून व्याख्यान द्यायचो. त्यामुळे सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात डॉक्टर सुनेत्राबाई मला थंडीविषयी सांगायला लागल्या, ते मला झोंबलंच.

"भगवानराव, फ्लूची लस मुंबईहून मागवावी लागेल. चांगुणाबाईंचं हृदय कमजोर आहे, पुन्हा छातीत संसर्ग झाला तर झेपायचा नाही. बाटली मिळाली की फ्रीजमध्ये ठेवा, पण..."

"मॅडम, थंडीचं मला नका शिकवू," मी म्हणालो. त्या 'पण'च्या पुढचं ऐकायची मला गरजच वाटली नाही.

त्याच वर्षीच्या जानेवारीत माझ्या बायकोला, चांगुणाला, साधी सर्दी झाली आणि तिचा न्यूमोनिया झाला. पाय सुजले, आडवं पडलं की धाप लागायची. पंधरा दिवस ती उशांना टेकून बसल्या बसल्या झोपली आणि मी तिचे श्वास मोजत राहिलो. तसा आणखी एक हिवाळा तिला सोसणार नाही, हे मला कळत होतं.

शनिवारी उल्हासनगर कॅम्पातल्या औषधवाल्याकडून मुंबईहून आलेली बाटली घेतली आणि थर्मासमध्ये बर्फ भरून अंबरनाथला घरी आणली. दवाखाना उघडणार सोमवारी. मध्येच वीज गेली तर? अनुभवी माणसाने करावं तेच मी केलं. बाटली फ्रीजरमध्ये, बर्फाच्या दोन ट्रेंच्या मधोमध ठेवली. चांगुणाला बोलावून कौतुकाने दाखवलीसुद्धा.

सोमवारी सकाळी बघतो तर लसीचा खडा झालेला. मुठीत धरून वितळवली. पाण्यासारखी दिसत होती, कुणाला कळलं नसतं.

"फ्रीजरमध्ये नव्हती ना ठेवली?" दवाखान्यात सुईत लस ओढता ओढता सुनेत्राबाईंनी विचारलं. "गोठली की वाया जाते."

"छे! तीस वर्षं काय बर्फ नुसता बघत होतो?"

चांगुणाने माझ्याकडे पाहिलं. ते ट्रे तिने पाहिले होते. तरी तिने पदर सरकवला आणि मुकाट्याने दंड पुढे केला. माझी अब्रू राखायला ही बाई वाया गेलेली सुई टोचून घ्यायला निघाली होती! आणि दंड तरी केवढासा राहिला होता तिचा.

"थांबा!" मी ओरडलो. "फ्रीजरमध्येच होती. दगड झाली होती."

सुनेत्राबाईंनी सुई टाकून दिली. दुसरी बाटली यायला दहा दिवस लागणार होते.

बाहेर पायरीवर चांगुणा दम घ्यायला बसली.

"तू का नाही बोललीस गं?"

"परक्यासमोर तुमचं फोरमनपण कसं घालवू?"

मी हसायला गेलो आणि मला रडूच आलं. "घालव की! तू नसलीस तर ते ऐकून कोण घेणार माझं?"

तिने माझा हात धरला आणि उठली. "दहा दिवस मी जीव सांभाळते," ती म्हणाली. "तुम्ही तेवढा फ्रीज सांभाळू नका."