न पाहिलेली पिन

…दुसऱ्या चौकटीतली त्याची सही इतकी देखणी आली होती, की त्याला स्वतःलाच संशय आला. खरं काम केल्यावर त्याची सही अशी कधीच येत नसे. ग्रीसने माखलेल्या बोटांनी केलेली ती चिरडलेल्या झुरळासारखी दिसायची. ही मात्र लग्नपत्रिकेवर छापावी अशी.

पहिली चौकट जोडणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. एलेव्हेटर — विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीतली फळी — तिच्या दांड्याचा बोल्ट बसवला, नट आवळला, नट सुटू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन घातली, की दुसऱ्या माणसाने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. पहिला काय सांगतो ते ऐकायचंसुद्धा नाही. पण पहिला माणूस मामा होता. विमानं दुरुस्त करणारा अख्खा हँगर त्यांना मामा म्हणायचा. खरा भाचा हा एकटाच, म्हणून कामावर 'सर' म्हणणाराही हा एकटाच.

"बघायचंय का?" मामांनी सकाळी झाकणाचं पॅनेल हातात धरून विचारलं होतं.

"तुम्ही केलंय म्हटल्यावर काय बघायचं, सर!"

पॅनेल लागलं, सही झाली. त्याने पिनेकडे पाहिलंच नव्हतं, मामांकडे पाहिलं होतं — आणि मामा तर ठणठणीत दिसत होते.

या धंद्याचे शब्द त्याच्या घरातही येऊन राहिले होते. आईचे गुडघे 'ऑन कंडिशन', म्हणजे ठरलेली मुदत नाही, चालताहेत तोवर चालवायचे. गळका नळ 'डिफर्ड', म्हणजे बिघाड मान्य, दुरुस्ती पुढच्या तारखेला. त्याचं लग्नही डिफर्ड, तारीख तीनदा वाढवून घेतलेली… आणि मामा 'लाइफ लिमिटेड' — कितीही धडधाकट असला तरी ठरल्या दिवशी उतरवायचा सुटा भाग. चार महिन्यांनी निवृत्ती. हा अन्याय आहे असं त्याला वाटे. आज जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाटत होतं.

सुट्टीत मामा हात पुसत आत आले आणि खुंटीवर लटकणाऱ्या कुणाच्या तरी कामाच्या डांगरीला म्हणाले, "काय रे, जेवलास का?"

डांगरी काही बोलली नाही.

"उपाशी राहू नकोस. पित्त होतं," मामांनी तिला समजावलं.

"मामा, ती डाएटवर आहे!" इंजिनवाला ओरडला आणि सगळे ठसका लागेपर्यंत हसले. मामाही हसले — पण एका श्वासाइतकं उशिरा, हसू कुठून येतंय ते आधी चाचपून.

तो एक श्वास काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना.

चारला विमान जाणार, सत्तर माणसं घेऊन. पॅनेल पुन्हा उघडायचं तर नोंद हवी, नोंदीला कारण हवं. काय लिहायचं? तपासणाऱ्याने तपासलं नाही — लायसन्स गेलं. जोडणाऱ्याला दिसत नाही — मामांचे चार महिने गेले, आणि आईला तोंड दाखवायची सोयही… पाना कसा धरायचा हे ज्या हातांनी शिकवलं, ते हात आपण…

अडीचला तो सुपरवायझरसमोर उभा राहिला. "मी न बघता सही केली." डांगरीबद्दल बोलला नाही.

सुपरवायझरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आधी उघड. तुझं काय करायचं ते नंतर बघू."

शिडीखाली मामा टॉर्च धरून उभे होते. "आधी मला सांगायचंस की रे."

"तुम्ही 'आहे' म्हणाला असता."

"मग?"

"मग मी ऐकलं असतं."

तो शिडी चढला. शेवटचा स्क्रू सुटला, पॅनेल खाली आलं, आत अंधार होता. मामांच्या टॉर्चचा झोत नटाच्या वीतभर डावीकडे पडला आणि तिथेच ठामपणे स्थिर झाला. त्याने तो सरकवायला सांगितला नाही. पिन असली तर सत्तर माणसं सुखरूप, सगळा प्रकार विनोदात जमा, आणि उद्या मामा पुन्हा असंच एक पॅनेल हातात धरून विचारणार, बघायचंय का. नसली, तर निदान आपलं खरं ठरेल… हे 'निदान' कुठून आलं? सत्तर माणसं, आईचा भाऊ, आणि वर हे आपलं निदान —

"दिसतंय का रे?" मामांनी खालून विचारलं.

आत काय दिसायला हवं, हे शिडी चढेपर्यंत त्याला पक्कं ठाऊक होतं; आता नव्हतं.