दोनशे पस्तीस ग्रेन

शार्दूलच्या बायकोचा, मृणालिनीचा फोन शुक्रवारी आला. म्हणाली, गुरुदादा, उद्या येऊन शार्दूलची काडतुसं घेऊन जाल का? माझ्याकडे लायसन्स नाही, घरात ठेवता येणार नाहीत असं पोलीस सांगून गेलेत. येतो म्हटलं, फोन ठेवला आणि हात धुवून जेवायला बसलो. दमयंती, माझी बायको, नुसती बघत होती. मी दोन पोळ्या खाल्ल्या, वर ताक प्यायलो. शार्दूलला जाऊन तीन आठवडे झाले आणि मला काही म्हणजे काही वाटत नाहीये. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल परका होतो ना, तसं आत सगळं परकं झालंय.

शार्दूल माझ्याच ऑफिसात होता. भूकंपानंतर ख्राइस्टचर्च पुन्हा उभं करायला इंजिनियर हवे होते, तेव्हा मी पुण्याहून आलो आणि तीन वर्षांनी तो. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आल्या आल्या त्याला रिकार्टनच्या भारतीय दुकानात नेऊन कुकर, हिंग आणि पोहे मी घेऊन दिले. हरणाच्या शिकारीला पहिल्यांदा मीच नेलं. घर कुठे घ्यायचं, हीट पंप कुठला लावायचा, खांद्याचं ऑपरेशन कधी करायचं, सगळं मला विचारून. आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. मी सल्ला फुकट देतो, पण तो कुणी मोडला की माझं डोकं फिरतं. ऑफिसातल्या सुरेशने एका तुळईच्या बाबतीत माझं ऐकलं नाही, तर मी त्याच्याशी पाच महिने बोललो नव्हतो. समोरासमोर बसून. शार्दूल आमचे निरोप इकडून तिकडे पोहोचवायचा आणि हसायचा.

गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात भूत शिरलं. उत्तर ऑस्ट्रेलियात रानरेड्याच्या शिकारीला जायचं. इथे न्यूझीलंडमध्ये अंगावर येईल असं जनावर नाही. रानडुक्कर आलं तर तेवढंच. तिथले रेडे आठशे किलोचे. त्याने मोठी रायफल घेतली आणि नेहमीसारखा माझ्याकडे आला. दादा, गोळी किती वजनाची घेऊ?

एकाच रायफलीत हलकी गोळी चालते, जडही चालते. हलकी वेगाने सुटते. जड तेवढी वेगवान नसते, पण खोल जाते. वजन ग्रेनमध्ये मोजतात. त्याच्या रायफलीसाठी एक होती दोनशे पस्तीस ग्रेनची आणि एक तीनशेची. फरक म्हणाल तर चार-सव्वाचार ग्रॅमचा. चमचाभर साखर.

मी स्प्रेडशीट केली. वेगाचा वर्ग होतो, वजनाचा होत नाही, हे अकरावीतला कुणीही सांगेल. कागदावर हलकी गोळी ऊर्जेत पुढे होती. शिवाय तिचा दणका कमी, आणि ह्याचा उजवा खांदा नुकताच शिवलेला. माझ्या मनात तो खांदाच होता. त्याने एकदाच तोंड उघडलं. तिथला गाईड जड गोळीच आणा म्हणतोय, म्हणाला, रेड्याच्या खांद्याचं हाड फार जाड असतं म्हणे. मी म्हटलं, "त्या गाईडला फिजिक्स मी शिकवू का?" शार्दूल हसला. बरं दादा, म्हणाला. मला वाटलं, पटलं.

मग मी स्वतः माझ्या गराजमध्ये बसून त्याच्यासाठी वीस काडतुसं भरली. दारू काट्यावर तोलून, प्रत्येक काडतूस कॅलिपरने मोजून. पेढ्याचा रिकामा डबा होता, त्यात कापूस घालून नीट रचली. दमयंतीने डब्यावर कुंकवाचं बोट लावलं. तो शनिवारी निघणार होता. गुरुवारी संध्याकाळी मी डबा त्याच्या हातात दिला. आल्यावर मला सांग कशी चालली ते, एवढं बजावून आलो.

गाईडचा रिपोर्ट मृणालिनीने मला पाठवला होता, तुम्हाला त्यातलं कळेल म्हणून. अडीच पानं. पहिली गोळी बरोबर जागी लागली. हाडावर फुटली, आत गेलीच नाही. रेडा वळला आणि चाळीस मीटरवरून सरळ त्याच्यावर आला. दुसरीचंही तेच झालं. मग गाईडने रेड्याला पाडलं, पण तोवर उशीर झाला होता. गोळीचे तुकडे कातडीखाली मिळाले, असं लिहिलंय. मी ते वाचलं. मग जाऊन स्प्रेडशीट उघडली आणि एकेक ओळ तपासली. आकडेमोडीत चूक नव्हती. हाड तिच्यात नव्हतंच.

आता हे मृणालिनीला सांगायचं होतं. अंत्यसंस्काराला सांगितलं नाही, तेराव्याला सांगितलं नाही. ती हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. चुकीचं वजन म्हणजे काय, हे तिला मी समजावायला नको. गोळी कुणी ठरवली ते तिला कळलेलं नाही आणि मी सांगितलं नाही तर कधी कळणारही नाही, अशी माझी समजूत. शनिवारी दुपारी गाडी तिच्या घरासमोर लावली तेव्हा मी ठरवून टाकलं होतं. सांगायचं. मग तिने हाकलून दिलं तर दिलं. निदान काहीतरी वाटेल तरी.

दारात शार्दूलच्या जँडल्स, रबरी चपला, तशाच होत्या. मृणालिनीने सगळं डायनिंग टेबलवर मांडून ठेवलं होतं, पोलिसांचा कागद, त्यावर पेन. सही कुठे करायची तिथे फुली. ती चहा टाकायला आत गेली. मी कागद वाचल्यासारखं केलं. चहा आला, ती समोर बसली. दमयंतीची चौकशी केली, तिच्या गुडघ्याचं काय, म्हणाली. मी गुडघ्याचं सांगितलं. मग म्हटलं,

"मृणाल, ती गोळी मी ठरवली होती. वजन माझं. काडतुसंही मीच भरलेली."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही. उठली, आतून एक प्लॅस्टिकची पेटी आणली आणि माझ्यासमोर ठेवली. उघडली तर आत काडतुसं. झाकणावर शार्दूलचं बारीक अक्षर: तीनशे ग्रेन, आणि खाली तारीख. मी डबा नेऊन दिला त्याच्या दोन आठवडे आधीची.

मग ती सांगत गेली आणि मी ऐकत गेलो. गाईडचा मेल आल्यावर त्याने जड गोळ्या आणून भरल्या होत्या. रेंजवर जाऊन मारूनही बघितल्या. खांद्याला काही झालं नाही. पेटी बॅगेत भरून तयार होती. गुरुवारी मी डबा देऊन गेलो, आणि तो ओट्यापाशी डबा हातात धरून बराच वेळ उभा होता. मग त्याने बॅग उघडली, ही पेटी बाहेर काढली आणि माझा डबा रिकामा करून ती वीस काडतुसं बॅगेत घातली.

"मी म्हटलं, दोन्ही ने," मृणालिनी म्हणाली. "तर म्हणाला, दोन्ही नेली तर मी जडच वापरणार. आल्यावर दादा विचारणार, कशी चालली. त्याच्यासमोर मला खोटं बोलता येत नाही. आणि खरं सांगितलं तर सुरेशसारखं होईल. म्हणाला, दादाशिवाय इथे आपलं आहे कोण?"

मी पेटीकडे बघत होतो. सगळी काडतुसं एका मापाची. भरायला त्याला मीच शिकवलं होतं.

"मीही मग आग्रह धरला नाही," ती म्हणाली. "मलाही वाटलं, कशाला तुम्हाला दुखवा."

मला वाटलं, आता फुटेल. आता रडू येईल, ओरडेन, टेबलावर डोकं आपटेन. मी वाट बघितली. काही झालं नाही. फुलीच्या जागी सही केली, पेटीचं झाकण लावलं. बाहेर शेजाऱ्याचा लॉनमोअर चालू होता.

मग हाताला काहीतरी हवं म्हणून कप उचलला. चहा गोड होता. मला डायबेटिस आहे आणि साखर चालत नाही, हे तिला दहा वर्षं माहीत आहे. आज विसरली असेल. एरवी मी तिथल्या तिथे बोललो असतो, माझा स्वभावच तो. मी सगळा चहा संपवला. ती म्हणाली, आणखी देऊ का थोडा?

मी म्हटलं, दे.