खारदुंगलाच्या माथ्यावरचा नारळ

सासू बोलत असताना फोन कापायचा, ही कोणत्या गावची रीत? द्वारकाबाईंनी हा सवाल दुपारपासून इतक्यांदा केला होता, की शेजारची आशाबाई आता नुसतीच मान हलवत होती.

"वर नारळ फुटताना बी बघू दिलं नाय तिनं. शेंडी ठेवून मी सोलून दिला होता!"

ती म्हणजे सून, सुलेखा. शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीनं सुट्टी दिली म्हणून लेक गोकुळ तिला घेऊन लेहला गेला होता. आज दोघं खारदुंगला नावाची खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात निघाली होती. त्या खोऱ्यातल्या गावांचं पीठ, गॅस, लग्नाची वऱ्हाडं, सगळं याच उंच खिंडीतून जातं, असं सुलेखानं निघताना समजावलं होतं. द्वारकाबाईंना ते लगेच उमगलं. म्हणजे घाटच की! त्यांचं माहेर अजिंठ्याचं. घाट चढला की गाडी थांबवायची, माथ्यावर नारळ फोडायचा, देवापुढं घास ठेवायचा अन् तिथंच बसून दशमी खायची. त्याशिवाय पुढची वाट धरायची नाही. म्हणून त्यांनी गोकुळला बजावलं होतं, "दशमी संपल्याबिगर उठशील तर माझी आण हाय."

दुपारी फोनात गोकुळ दिसला. मागं बर्फ, रंगीबेरंगी पताका, मांडीवर दशमी. ओठ निळसर. थंडी असेल.

"खा रं, निवांत खा."

तो हसला. "आई, ढवळीला पाणी दाखवलं का?"

शेत विकून द्वारकाबाई शहरात, पुंडलिकनगरात राहायला आल्या, तेव्हाच ढवळी गाय दुसऱ्याच्या दावणीला गेली होती.

"काय बोलतो रं?"

गोकुळ हातातल्या नारळाकडं बघत राहिला. हे काय असतं, अशा नजरेनं. तेवढ्यात सुलेखाचा हात आडवा आला. "आत्याबाई, नंतर!" अन् फोन काळा.

तेव्हापासून द्वारकाबाईंचं डोकं गरगरत होतं. प्याला का काय? बाहेरचं काही लागलं? का बायकोनंच काही शिकवलं? पुन्हापुन्हा फोन लावला तरी लागेना. घाटात बसून माणूस ताजंतवानं होतं. याचं असं कसं झालं?

दिवेलागणीला सुलेखाचा फोन आला. आवाज थकलेला.

"आत्याबाई, आता बरे आहेत ते. खाली उतरलो तसं डोकं ठिकाणावर आलं. वर हवा लई विरळ असते, जास्त वेळ थांबू नका म्हणून पाटीच लावलीय. पण हे उठेचनात. म्हणे, आईची आण हाय, दशमी संपू दे. मी अन् ड्रायव्हरनं ओढून गाडीत घातलं. नारळ तिथंच राहिला."

"देवाच्या जागी हवा नाय? असं कसं असंल?" द्वारकाबाईंना काही केल्या पटेना. "मग तिथली माणसं काय करतात गं?"

"हात जोडतात, जोरात एक आरोळी देतात अन् निघतात. कुणी बसत नाही."

"अन् तुम्ही परत?"

"त्याच खिंडीतून, परवा."

मागून गोकुळचा बारीक आवाज आला, "आई रागावली का गं?"

द्वारकाबाई खाटेवर टेकल्या. आपला एक शब्द, अन् हा पोरगा त्या बर्फात बसूनच राहिला असता. ही कसली वाट, जिथं देवापुढं बसलं तर जीव जातो, ते त्यांना अजूनही कळत नव्हतं. पण बसून राहणारा कोण अन् ओढून नेणारी कोण, हे कळत होतं. पदरानं नाक पुसून त्या खणखणीत आवाजात बोलल्या.

"सुलेखा, ऐक. माझी आण मी मागं घेतली. परतताना त्याला खाली पाय ठेवू द्यायचा नाय. गाडीतूनच हात जोडा, आरोळी मारा अन् सुटा. नारळाचं मी अन् तो देव बघून घेऊ. माझा शब्द मोडलास, ब्येस केलंस. पण सासूचा फोन कापलास, ती चूक ती चूकच. घरी आलीस की आधी पाया पड, मग पुरणपोळी खाऊ घालते!"