न दिलेला पेपर

फिजिक्सचा पेपर देऊन ह्युबर्ट बाहेर आला तो तोंड पाडूनच. अर्ध्याअधिक प्रश्नांना त्याने हातच लावला नव्हता. इंटर सायन्सला सेकंड क्लास मिळाला तरच मेडिकल, आणि गोराईत तर लोक त्याला आत्तापासूनच ‘डॉक्टर’ म्हणू लागले होते. पहिल्या वर्षी तो कसाबसा थर्ड क्लासात तरला होता.

कॉलेजच्या फाटकाशी त्याची आय, जोसेफीन, उभी होती. प्रत्येक पेपराला ती लुगडं सावरत, होडीतून खाडी ओलांडून अंधेरीपर्यंत येई. पोरं हसत. ह्युबर्टने तिला थांबायची खूण केली आणि तो वर्गमित्र नंदकिशोरकडे वळला.

“वाट लागली ना?” नंदकिशोर म्हणाला.

“पार.”

“माझीपण. ऐक, ड्रॉप घेऊ या. उरलेले पेपर टाकायचे. थर्ड क्लासचा शिक्का कपाळावर मारून घ्यायचा कशाला? पुढल्या वर्षी कोरी पाटी.”

“दोघं?”

“दोघं रे! शप्पथ.”

केमिस्ट्रीच्या दिवशी सकाळी आय म्हणाली, “आज मी येत नाय. फिजिक्सचं काय झालं ते तुझ्या तोंडावरच दिसलं. मी वांद्र्याला मोतमावलीला मेणबत्ती वाहून येते. तू नीट जा.”

ह्युबर्टला हायसं वाटलं. तो अंधेरीऐवजी गोरेगावलाच उतरला आणि एका सिनेमाच्या स्टुडिओबाहेर कामासाठी ताटकळलेल्या माणसांत जाऊन बसला. एक मुकादम येऊन म्हणाला, “ए चष्मावाला, गर्दीत उभा राहशील?” ह्युबर्टने मानेनेच नाही म्हटलं. पेपर सुटायच्या वेळी तो उठला, घरी गेला आणि ‘बरा गेला’ म्हणाला. पुढच्या पेपरांनाही तो असाच कुठेतरी बसून आला. आता फाटकापर्यंत यायची गरज नाही, असं त्यानेच आयला पटवलं होतं.

जूनमध्ये निकाल लागला. नंदकिशोर सेकंड क्लासात पास झाला होता.

“तू बसलास?”

नंदकिशोर चपलेने माती उकरत राहिला. “बाप फाटकापर्यंत आला रे. मी आत जाईपर्यंत हलेचना. काय करणार? फिजिक्स सगळ्यांनाच जड गेला होता म्हणे. हात सैल सोडून तपासले. तूपण निघाला असतास, यार.”

कॉलेजच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कने उरलंसुरलं सांगितलं. पुन्हा बसता येईल, पण मेडिकलला आधी एका दमात पास झालेले घेतात. मग जागा उरली तर बाकीचे. “आणि जागा उरत नाही,” तो चष्मा पुसत म्हणाला.

घरी आय अंगणात बोंबील वाळत घालत होती. ह्युबर्टने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. तिने आरडाओरडा केला नाही. हातातला बोंबील दोरीवर लटकवला, मग दुसरा.

“म्हणजे त्या दिवशी मी वांद्र्याला न जाता तुझ्याबरोबर फाटकाशी आले असते,” तिने विचारलं, “तर तू आत गेला असतास?”

नाही म्हणणं काही कठीण नव्हतं.

“गेलो असतो,” ह्युबर्ट म्हणाला.

तिच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा त्याला आपण काय केलं ते समजलं. आय खाली बसली आणि रिकाम्या टोपलीत हात फिरवत राहिली.