एका पेशीत पाच केंद्रकं

मित्रांनो, वर्ध्याच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या खोलीत कपाटावर बसलेला हा धुळकट खोका म्हणजे मी, ओव्हरहेड प्रोजेक्टर. पोटात दिवा, पोटावर काच आणि वर मान वाकवलेला आरसा. काचेवर पारदर्शक कागद ठेवला की त्यावरचं चित्र भिंतीएवढं होऊन पडद्यावर पडतं. १९८३ साली मी आलो तेव्हा प्राचार्य म्हणाले होते, "खडूचे दिवस संपले!"

मला सांभाळायचं काम सुलोचनाबाईंकडे आलं. बाई नव्या, नोकरी हंगामी, घरी दहा महिन्यांची मुलगी. त्यामुळे मलाही त्या तान्ह्या बाळासारखंच वागवायच्या. "त्याला उन्हात ठेवू नका. गरम असताना हलवू नका. फुंकर तर मुळीच मारू नका, थुंकी उडते!" माझ्यावर झाकायला त्यांनी मुलीचं दुपटं आणलं होतं. त्याला वेखंडाचा वास यायचा.

माझं एक मोठं सुख म्हणजे बाईंना वर्गाकडे पाठ करावी लागत नसे. तोंड मुलांकडे, चित्र मागे. याच सुखानं पुढे घात केला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरहून समिती येणार होती. बाईंचा तास पाहून त्यांची नोकरी कायम करायची की नाही, ते ठरणार होतं. बाईंनी सकाळीच माझी काच पुसली, दुपटं घातलं आणि मुलीला दूध पाजायला घरी धावल्या.

तेवढ्यात शिपाई पुंडलिकराव तबक घेऊन आले. "काल सुट्टी होती, तुही पूजा राहून गेली ना बाप्पा!" असं म्हणत त्यांनी दुपटं उचललं, काचेवर ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं उमटवली, हात जोडले आणि पुन्हा मला झाकलं. मला इतका मान कधी मिळाला नव्हता.

तास सुरू झाला. पडदे ओढलेले, अंधार. बाईंनी नजर मुलांवरच ठेवून दुपटं काढलं, कांद्याच्या एका पेशीचं मोठं चित्र काचेवर सरकवलं (केंद्रक त्या शिकवता शिकवता काढणार होत्या) आणि माझा दिवा लावला. पडद्यावर एका पेशीत पाच काळे ठिपके उमटले. पोरांनी माना खाली घालून ते भराभर वहीत उतरवले.

समितीचे साहेब उठले. हिंगणीहून येणाऱ्या धुरपता नावाच्या मुलीची वही पाहून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"केंद्रकं, सर. पाच."

"पुस्तकात किती?"

"एक. पण पुस्तक जुनं हाय जी, मशीन नवी हाय."

बाईंनी मागे वळून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दारातून पुंडलिकराव काकुळतीनं म्हणाले, "सायेब, ते कुंकू होय. मीच लावलं. बाईले काई बोलू नका!"

बाईंनी माझा दिवा विझवला, पडदे उघडले आणि प्रयोगाच्या टेबलावरचा कांदा घेतला. "वह्या मिटा. पातळ साल काढा आणि सूक्ष्मदर्शकातून आपल्या डोळ्यानं पाहा."

धुरपतानं डोळा लावला. "मॅडम, एकच दिसून राह्यलं!"

"मग पाच काऊन काढली?" बाईंनी तिच्याच बोलीत विचारलं.

"मले वाटलं, मशीन खोटं कायले दाखवते?"

साहेबांनीही वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

महिन्याभरानं पत्र आलं. नोकरी कायम. खाली साहेबांच्या हातची एक ओळ होती: 'यंत्र केव्हा बंद करावं, हे यांना कळतं.' ती वाचून बाई आधी हसल्या, मग खुर्चीत बसून पदरानं डोळे पुसत राहिल्या.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, माझा दिवा निवल्यावरच मला हलवा. पण माझ्यावर आंधळी माया करू नका. काचेवर जे पडेल ते मी मोठं करून दाखवतो, खरं असो की नसो. ते तपासायला मला डोळे नाहीत. तुम्हाला आहेत.